भात कधीपासून सोडला?

ताई,

मी विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहते, पतपेढीत नोकरी करते. आमची सई (नाव बदललंय) १६ वर्षांची, अकरावी कॉमर्सला. माझं माहेर कोकणातलं, तालुक्याचं गाव. दिवाळीत गेलो तेव्हा कळलं की डिसेंबरअखेर तिथल्या महोत्सवात १४ ते १८ वर्षांच्या मुलींची सौंदर्यस्पर्धा आहे. माझ्या भावाची ऋतुजा (हेही नाव बदललंय) भाग घेतेय. ती सईहून चार महिन्यांनी मोठी, उंच, गोरी. वहिनी सहज म्हणाली, "सईचंही नाव घालूया की." सईने तिथल्या तिथे फॉर्म भरला. फी ५०० रुपये.

आता आयोजकांच्या ओळखीचे अंधेरीतले एक ग्रूमिंगवाले सारखे फोन करतायत. ३५ हजारांचं पॅकेज, त्यात फोटोंचा पोर्टफोलिओ, चालण्याबोलण्याचं ट्रेनिंग. "टॉप फाइव्हची काळजी करू नका मॅडम," म्हणतात. पुढे गोव्याला रिसॉर्टवर मोठी फायनल आहे म्हणे. सईचे फोटो आणि मापं व्हॉट्सॲपवर मागितली आहेत. सईच्या बाबांचं म्हणणं, आपल्या घरातल्या मुली स्टेजवर मिरवायला नाहीत. माझी आई म्हणते, जाऊ दे पोरीला, पण जरा उजळली असती तर बरं झालं असतं. मला स्वतःला हौस आहे, खोटं कशाला बोलू. भीती एवढीच की दोघी बहिणींमध्ये तेढ येईल आणि ऋतुजा जिंकली तर सई कोलमडेल. पाठवू का? पैसे भरू का? आणि हो, सईने हल्ली रात्रीचा भात सोडलाय, डबाही अर्धा परत येतो. पण ते वयच तसं असतं ना?

– सईची आई

सईच्या आई, नमस्कार.

आपण बायका महत्त्वाचं ते बरेचदा दारात चपला घालता घालता बोलतो. तासभर चहापोहे होतात, कुणाच्या सुनेचं, कुणाच्या गुडघ्याचं बोलून होतं, आणि मग पायरीवरून मागे वळून, "अगं हो, एक सांगायचं राहिलंच." तुमच्या पत्रातलं "आणि हो" मला तसलंच वाटलं. म्हणून मी तिथूनच सुरू करते. स्पर्धा, अंधेरी, गोवा सगळं मागाहून.

सईने भात कधीपासून सोडला? फॉर्म भरण्याआधी की नंतर? नीट आठवून बघा. आजोळ कोकणातलं आणि पोरगी भात सोडते, इथेच खरं तर घरात कुणाच्या तरी भुवया वर जायला हव्या होत्या. वय तसं असतं हे खरं. त्या वयात मुली भेंडीला नाकं मुरडतात आणि रात्री अकराला फ्रीज उघडून त्यापुढे उभ्या राहतात. पण भूक लपवणं हा काही त्या वयाचा खोडकरपणा नव्हे. अर्धा डबा रोज परत येत असेल तर कुणीतरी रोज तो उघडून, मोजून, अर्धा मागे ठेवतंय.

आणखी काही गोष्टींकडे लक्ष ठेवा, पण पोलिसासारखं नको. पाळी वेळेवर येते का? सकाळच्या गाडीत उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का? जेवण झाल्या झाल्या ती बाथरूममध्ये जाते का? घरात वजनकाटा असेल तर त्यावर दिवसातून किती वेळा चढते? असेल तर तो काटा शेजारच्यांना देऊन टाका. परत मागू नका.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हणजे या मुली निम्मी टाकी घेऊनच धावत असतात, आणि त्यात आपण त्यांना लिंबूपाण्यावर ठेवायचं. या आठवड्यात सईचं हिमोग्लोबिन तपासून घ्या, साधी सीबीसी. पाळी तीन महिने आली नसेल, चक्कर येत असेल, वजन भराभर उतरत असेल किंवा जेवण उलटून टाकतेय असा संशय आला, तर डॉक्टरांकडे जायला स्पर्धा उरकायची वाट बघू नका. बोलायला कुणी हवं असेल तर टेली-मानसची १४४१६ ही सरकारी लाइन आहे, मोफत, आणि मराठीतही बोलता येतं.

तिला तिच्याच भाषेत पटेल अशी एक गोष्ट सांगते. उपाशी राहिल्याने चेहरा उजळत नाही, ओढला जातो. आणि उपासमारीने केस गळायला लागतात ते लगेच नाही, साधारण दोन-तीन महिन्यांनी. दिवाळीपासून महिने मोजा. नेमके महोत्सवाच्या सुमाराला कंगव्यात येतील.

"खा गं बाई" म्हणत मागे लागू नका, त्याने ताट आणखी लांब जातं. सगळ्यांनी एकत्र बसायचं, मोबाइल बाजूला, आणि जेवताना कुणाच्याही अंगाबद्दल बोलायचं नाही. तुमच्याही नाही. "माझंच बघ ना, किती सुटलेय मी" हे वाक्य आपण मुलींच्या देखत किती सहज बोलतो! तिला वाटतं, आई जेवते आणि मग स्वतःला शिक्षा करते. ती फक्त एक पायरी पुढे जाते, जेवतच नाही.

आता तुमच्या आईंचं. त्यांच्यावर मी रागावत नाही. त्यांच्या पिढीने मुलगी दाखवायची म्हणजे काय ते भोगलंय, चहाचा ट्रे घेऊन भोगलंय. पण "जरा उजळली असती तर" हे वाक्य सईच्या कानावर गेलंय असं मी धरून चालते, कारण असली वाक्यं भिंतीतून जातात. १९७५ साली आलेल्या फेअर अँड लव्हलीने २०२० मध्ये नावातला 'फेअर' काढून टाकला. आपल्या घरांतून तो अजून निघालेला नाही. सईच्या दप्तरात, कपाटात एखादी ट्यूब आहे का बघा. मैत्रिणीने सुचवलेल्या, मेडिकलमधून सहज आणलेल्या कित्येक ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. पहिले पंधरा दिवस चेहरा काचेसारखा होतो, आणि मग लाल पडतो, पुरळ येतं, उन्हात आग होते, आणि लावणं थांबवलं की दुप्पट बिघडतं. अशा बऱ्याच क्रीम २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी नाही, तरी मिळतात. बिननावाच्या डब्यांची गोष्ट तर याहून भीतीची. २०२३ मध्ये अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या किडन्यांना इजा झाल्याची बातमी आली होती. त्या तिघी एकच गोरेपणाची क्रीम वापरत होत्या, आणि केईएममध्ये छडा लागला तेव्हा त्या क्रीममध्ये पारा निघाला. हे आजीला सांगा. घाबरवायला नव्हे, पण पुढच्या वेळी "उजळली असती" ओठांवर येईल तेव्हा तिला किडनी आठवू दे.

आता स्पर्धेकडे येते. त्याआधी मी स्वतः काय पाहिलंय ते सांगायला हवं, नाहीतर सल्ला नुसताच उंटावरून होईल.

काही वर्षांपूर्वी घाटावरच्या एका तालुक्याच्या गावी अशाच स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. गावाचं नाव सांगत नाही. सहाची वेळ, पाहुणे आले साडेआठला. मुली दुपारी तीनपासून तयार होऊन बसलेल्या. कपडे बदलायची खोली म्हणजे शाळेचा एक वर्ग, खिडकीला चादर बांधलेली. चादरीपलीकडे गावातली पोरं. एक मुलगी फळ्याखाली भिंतीला टेकून बसली होती, तिच्या ओठांना रंग लावलेला आणि त्याच्याभोवती चेहरा पांढराफटक. सकाळपासून तिने काळ्या कॉफीखेरीज काही घेतलं नव्हतं. तिच्या आईने माझ्याकडे बघून कौतुकाने सांगितलं, "जिद्द आहे हो तिची." मी पर्समधली चिक्की दिली. मुलीने आईकडे पाहिलं आणि मग खाल्ली.

मार्कांचे कागद वाटले तेव्हा आयोजक म्हणाले, "मॅडम, मार्क पेन्सिलने द्या. बेरजेला बरं पडतं." मी दिले. पेन्सिलने दिले! सगळं कळत होतं आणि तरी दिले, कारण रात्रीचे साडेदहा झाले होते, गाडी त्यांची होती आणि मुंबई लांब होती. निकालात पहिली आली ती माझ्या कागदावर सातवी होती. याची मला अजून लाज वाटते.

पण त्याच रात्रीची दुसरी एक मुलगी मी विसरू शकत नाही. काळीसावळी, बुटकी, दातांना तारा. टॅलेंट राउंडला बाकीच्या मुली लावणी नाहीतर फिल्मी डान्स करत होत्या. ही माइकपुढे उभी राहिली आणि तिने एसटी स्टँडवरच्या घोषणा करून दाखवल्या. तोच नाकातला आवाज, तीच मध्येच होणारी खरखर, "फलाट क्रमांक चारवर लागलेली" पासून "प्रवाशांनी खिसेकापूंपासून सावध राहावे" पर्यंत. मधेच एका बाईचं हरवलेलं पोर आणि कंडक्टरची सुट्ट्या पैशांवरून हुज्जत. अख्खा मांडव हसून हसून आडवा. तिला शेवटी 'सुंदर हास्य' असा एक पट्टा मिळाला, तो गळ्यात घालून ती अशी चालली की जिंकलेलीकडे कुणाचं लक्षच नव्हतं. तिच्यासाठी ती रात्र वाईट होती असं मला कुणी पटवून देऊ शकणार नाही.

म्हणून "असल्या स्पर्धा वाईटच" असं मी म्हणणार नाही. चादर बांधलेली खिडकी आणि एसटीच्या घोषणा, एकाच मांडवात दोन्ही होतं.

सईच्या बाबांना सांगा, नूतन १९५२ मध्ये मिस मसुरी झाली तेव्हा साधारण सईच्याच वयाची होती, आणि समर्थांच्या घरातली होती. रीटा फारिया १९६६ मध्ये मिस वर्ल्ड झाली, आशियातली पहिली. तेव्हा ती आपल्या भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉक्टरकी शिकत होती. वर्षभर मुकुट सांभाळला आणि परत जाऊन डॉक्टर झाली. स्टेजवर गेल्याने यांच्या घरातलं काही कमी झालं नाही. आणि एक विचारा त्यांना: सई सहा वर्षांची असताना सोसायटीच्या गणपतीत नाचली असेल, तेव्हा पहिल्या रांगेत मोबाइल उंच धरून व्हिडिओ कोण काढत होतं?

तरी त्यांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. सोळाव्या वर्षी प्रेक्षक बदलतात, मुलगी तीच राहते. म्हणून त्यांच्या "नाही"ला काम द्या. ग्रीनरूमच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचं काम बापाइतकं चांगलं कुणी करत नाही. जाण्याआधी आयोजकांना फोनही त्यांनीच करावा. कपडे बदलायला बंद दाराची खोली आहे का आणि आत बायकाच असतील ना? किती राउंड, कुठल्या राउंडला काय घालायचं? कार्यक्रम किती वाजता संपतो? व्हिडिओ कोण काढणार आणि तो कुठे टाकणार? प्रामाणिक आयोजक या प्रश्नांवर वैतागत नाही, उलट त्याला बरं वाटतं. आखूड कपड्यांचा एखादा राउंड असेल आणि सईला नको असेल तर तिने सलवार-कमीज घालून चालावं. मिस वर्ल्डवाल्यांनी स्विमसूटचा राउंड काढून टाकल्याचं २०१४ मध्येच जाहीर केलं. तालुक्याच्या महोत्सवाला त्यांच्यापुढे जायची गरज नाही. १४ ची पोर आणि १८ ची मुलगी एकाच रांगेत उभी करणं मला स्वतःला अजिबात पटत नाही, पण ते तुमच्या हातात नाही.

आता ३५ हजार. एक पैसा देऊ नका.

"टॉप फाइव्हची काळजी करू नका" या वाक्याचे दोनच अर्थ होतात. एक, निकाल विकत मिळतो. दोन, माणूस थाप मारतोय. यातल्या कुठल्या अर्थासाठी तुम्ही ३५ हजार मोजणार? पतपेढीत असलं कर्जप्रकरण तुमच्या टेबलावर आलं असतं तर तुम्ही जामीनदार मागितला असता.

हा धंदा चालतो कसा ते सांगते. मुकुट एकच असतो, पण सर्वांत देखणं हास्य, फोटोत उठून दिसणारी, लोकप्रिय, हुशार, असे दहा-बारा पट्टे असतात, म्हणजे कुणीच रिकाम्या हाताने जात नाही आणि प्रत्येक आईला वाटतं, थोडक्यात हुकलं, पुढच्या वेळी नक्की. मग पुढची फायनल, तिची वेगळी फी, रिसॉर्टचं वेगळं, ड्रेसचं वेगळं, मेकअपवाली त्यांचीच. 'लोकप्रिय'साठी मतं, आणि मतांना पैसे. कधी प्रत्येक मुलीच्या गळ्यात वीस-पंचवीस पास मारतात, मामा-काकांना विका म्हणून. म्हणजे स्पर्धक हीच गिऱ्हाईक. मोठ्या स्पर्धांचं आमिष दाखवत असतील तर त्यांना विचारा, मिस इंडियाला नि मिस युनिव्हर्सला १८ वर्षं पुरी लागतात, मग १६ व्या वर्षी ही गोव्याची घाई कसली?

फोटो आणि मापं पाठवलीच असतील तर आज लिहून कळवा की ती काढून टाका आणि पुढे कुठेही वापरू नका. तो मेसेज जपून ठेवा. यापुढे काही पाठवू नका. 'टेस्ट शूट'ला एकटं बोलावलं तर विषय तिथेच संपला. कागदावर सही मागतील. १८ च्या आतल्या मुलीने केलेला करार १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे मुळातच रद्द असतो, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक असतं, म्हणून ते तुमची सही मागतात. "सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी" असं फोटोंबद्दल कुठे लिहिलेलं दिसलं की पेन खाली ठेवा. कुणी वावगं बोललं, हात लावला, नको ते फोटो मागितले, तर १८ च्या आतल्या प्रत्येक मुलामुलीला २०१२ चा पोक्सो कायदा लागू होतो आणि मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर रात्रंदिवस चालू असतो. हा नंबर सईच्याही फोनमध्ये असू द्या. ऋतुजाच्याही.

तयारीचं म्हणाल तर ती दोन-अडीच हजारांत होते. सुश्मिता सेनने १९९४ च्या मिस इंडियाला घातलेला गाऊन दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारातल्या कापडाचा होता, शिवला एका साध्या शिंप्याने, आणि हातमोजे म्हणजे नवे पायमोजे कापून केलेले. हे तिनेच सांगितलंय. तुमच्याकडे तर मंगळदास मार्केट आहे, हिंदमाता आहे. नऊवारी तुमच्या आईची पेटी उघडली तर निघेल, आणि आजीला हातभार लावायला रंगापेक्षा बरं काम मिळेल. फक्त ती नेसून सईला खाली बसता-उठता आलं पाहिजे, हे घरी करून बघा. टाच दोन इंचांच्या वर नको. मांडवातलं स्टेज म्हणजे फळ्यांवर अंथरलेलं कार्पेट, टाच फटीत गेली की मुकुट राहिला बाजूला, पाय मुरगळतो. तुमच्या बिल्डिंगच्या गॅलरीत रोज दहा फेऱ्या मारायला कुठल्याच ग्रूमिंगवाल्याची परवानगी लागत नाही. वरच्या मजल्यावरच्या काकू बघतील. बघू देत, प्रेक्षकांची सवय होईल.

आणि प्रश्नोत्तरं मराठीत द्यायला सांगा. १९९२ साली बँकॉकला मिस युनिव्हर्सच्या शेवटच्या फेरीत आपल्या मधू सप्रेला विचारलं होतं, देशाची सूत्रं तुझ्या हातात आली तर काय करशील? ती खेळाडू मुलगी, म्हणाली खेळांसाठी मोठं स्टेडियम बांधीन. दुसरी उपविजेती ठरली, आणि "गरिबी हटवीन म्हणाली असती तर जिंकली असती" म्हणून लोकांनी पुढे वर्षानुवर्षं तिला बोल लावले. मला ते उत्तर तेव्हाही आवडलं होतं. सगळ्या मुलींना मदर तेरेसा आवडतात अशा राउंडमध्ये एकीला तरी मैदान हवं होतं.

राहिल्या दोघी बहिणी. इथे मी जरा बोचरं बोलणार आहे, सांभाळून घ्या.

तुम्ही विचारलंत, ऋतुजा जिंकली तर सईचं काय होईल. सई जिंकली तर ऋतुजाचं काय होईल, हे तुम्ही विचारलंच नाहीत. पत्र पुन्हा वाचा, कुठेही नाही. ऋतुजाची ओळख करून देताना तुम्ही तिची उंची लिहिलीत, रंग लिहिलात. सईबद्दल लिहिलंत ते वय आणि कॉमर्स. स्पर्धा डिसेंबरअखेर असेल, पण तुमच्या घरातला निकाल दिवाळीतच लागलाय. परीक्षक तुम्ही आणि आजी, आणि मार्क पेन्सिलनेसुद्धा नाहीत. आता मला सांगा, सोळा वर्षांच्या मुलीला घरातला निकाल कळला तर ती काय करेल? रंग तिच्या हातात नाही, उंची नाही. हातात काय उरतं? ताट.

तुम्ही वाईट आई आहात असं मी म्हणत नाहीये. तुम्ही तिला वाचवायला निघालात, निराशेपासून. आपल्या आयांनीही आपल्याला असंच वाचवलं होतं, "फार अपेक्षा ठेवू नकोस गं" म्हणून. तुम्हाला ते कसं वाटलं होतं, आठवतंय?

मुलींमध्ये तेढ येईल ही भीती मला त्या मानाने कमी वाटते. मुली एकमेकींचे कानातले घालतात, एकमेकींच्या वेण्या घालतात आणि एकमेकींवर जळतात, तेही एकाच दुपारी. ते त्यांचं त्या निस्तरतात. मोठ्यांची तुलना मात्र पुढे वीस वर्षं लग्नकार्यात पंगतीला वाढली जाते. म्हणून सुट्टी लागली की सईला आठवडाभर आधी मामाकडे धाडा. दोघींनी एकत्र तयारी करावी, एकीने दुसरीला प्रश्न विचारावेत. तुम्ही आणि वहिनी मात्र त्या रात्री शेजारी बसा आणि दोघींनाही सारख्याच टाळ्या वाजवा. जड जाईल. निकालानंतर रिक्षात कुणीही काही बोलू नका, "परीक्षकच तसे होते" हेही नको. आधी गरम वडापाव, मग घर, मग झोप. बोलायचं ते सकाळी, तेही मुलींनी काढलं तर. आणि सई जिंकली, तर ऋतुजाच्या ताटात पहिला वडा तुम्ही वाढा.

तुमच्या हौसेबद्दलही एक. ती असू द्या, लपवू नका, फक्त सईच्या खांद्यावर ठेवू नका. महोत्सवात बायकांसाठी पैठणीचा खेळ असणारच. तुमचं नाव द्या. लिंबू-चमच्यात हरलात तर मुलीला आई हरताना कशी दिसते तेही कळेल.

तर पाठवा. ५०० रुपये भरून झालेत, ते वाया घालवू नका. अंधेरीवाल्यांना नको म्हणून कळवा आणि नंबर ब्लॉक करा. अट एकच ठेवा, आणि ती शांतपणे, तिच्या बाबांसमोर सांगा: जेवत असशील तर जायचं. रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत स्पर्धेचा विषय घरात बंद. रिपोर्ट वाईट आला, किंवा डबा तसाच अर्धा येत राहिला, तर या वर्षी नाही. ती रडेल, दार आपटेल. आपटू दे.

आज रात्री कुकर लावताना तिच्या वाटणीचे तांदूळ घाला. खाईल, न खाईल. वाढताना तिला एवढंच विचारा, की टॅलेंट राउंडला ती काय करणार आहे. तुमच्या एवढ्या लांब पत्रात ते कुठेच नाही, आणि मला ते जाणून घ्यायचंय. कळवा.